फाइल भरली, आता काय करायचं? आयबीएम आयवरच्या डेटाबेसच्या नऊ आठवड्यांच्या वर्गाबद्दल

"रेकॉर्ड जोडला गेला नाही, मेंबर भरला आहे." महिनाअखेरीची संध्याकाळ होती. बिलिंगचा प्रोग्रॅम मध्येच उभा राहिला होता आणि ऑपरेटरच्या मेसेज क्यूमध्ये अशा अर्थाचा मेसेज उत्तराची वाट बघत होता. मेंबर म्हणजे फाइलचा तो भाग, ज्यात रेकॉर्ड, म्हणजे एकेक नोंद, साठते. उत्तरादाखल सी, आय किंवा एखादा आकडा द्यायचा होता. मी हिशेब विभागातली. येणी, देणी, ताळेबंद यांतलं सगळं कळतं, पण या स्क्रीनला काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक नव्हतं. तिकडे बिलं अडकलेली.

आमच्याकडे ऑर्डरी, साठा, बिलं आणि येणी हे सगळं आयबीएम आयवर, म्हणजे आयबीएमच्या व्यावसायिक संगणकांवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, चालतं. त्या यंत्राला अजून सगळे एएस ४०० म्हणतात, मीही म्हणते. तो डेटाबेस बावीस वर्षं एका माणसाने सांभाळला. त्यांना सगळे काका म्हणतात. मी त्यांना फोन केला.

"घाबरू नकोस. आय दे आणि एंटर कर. बाकीचं उद्या सांगतो."

प्रोग्रॅम पुढे सरकला. दुसऱ्या दिवशी काकांनी समजावलं. "अगं, फाइल बनवताना आकार सांगितला नाही, तर सिस्टिम आपला आपण धरते. सुरुवातीला १०,००० रेकॉर्ड, मग १,०००ची वाढ, तीही तीनदाच. १३,००० झाले की विचारणारच ती."

"मग तुम्ही आकार का नव्हता दिला?"

"तेव्हा १३,००० बिलं होतील असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं."

काका पाच महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांची जागा मी घ्यावी असं ठरलं, कारण आकडे कुठून येतात ते मला माहीत होतं. डेटाबेस मात्र शिकायचा होता, म्हणून मी हा वर्ग लावला. नऊ आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अडीच तास, घरबसल्या पण शिकवणाऱ्या मॅडम समोर प्रत्यक्ष. आम्ही बाराजण होतो. प्रत्येकाला सरावाच्या सिस्टिमवर स्वतःची लायब्ररी, म्हणजे फाइली ठेवायची जागा, मिळाली होती. संस्थेचं नाव इथे देत नाही, कारण मला बोलायचंय ते काय शिकवलं, कोणत्या क्रमाने शिकवलं आणि काय राहून गेलं याबद्दल.

पहिल्याच तासाला मॅडमनी एक गैरसमज काढला. आमच्यातले चौघे दुसऱ्या डेटाबेसवरून आले होते आणि 'डेटाबेस सर्व्हर कुठे इन्स्टॉल करायचा?' असं विचारत होते. इथे तो वेगळा बसवायचाच नसतो, तो ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग आहे. आयबीएममधल्या एडगर कॉडने रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे डेटा तक्त्यांत मांडण्याच्या पद्धतीवरचा, लेख लिहिला १९७० साली. त्यानंतर आठ वर्षांनी, १९७८मध्ये, आयबीएमची सिस्टिम ३८ जाहीर झाली तेव्हाच तिच्यात रिलेशनल डेटाबेस अंगभूत होता. २१ जून १९८८ला आलेल्या एएस ४००ने ती रचना पुढे नेली. आयबीएम आयमधला आजचा डेटाबेस, डीबी२ फॉर आय, त्याच घराण्यातला. म्हणून इथे टेबल म्हणजेच फिजिकल फाइल (जिच्यात डेटा असतो ती), व्ह्यू आणि इंडेक्स म्हणजे लॉजिकल फाइलचेच (तोच डेटा वेगळ्या क्रमाने किंवा निवडून दाखवणाऱ्या फाइलचेच) प्रकार, रो म्हणजे रेकॉर्ड, स्कीमा म्हणजे लायब्ररी. दोन्ही बोल्या एकाच वस्तूच्या आहेत हे कळल्यावर मला काकांचं बोलणं आणि पुस्तकातलं बोलणं जुळवता यायला लागलं. तोपर्यंत मी दोन वेगळे विषय शिकते आहे असंच वाटत होतं.

पुढचे तीन आठवडे डीडीएस (डेटा डिस्क्रिप्शन स्पेसिफिकेशन्स). फाइल बनवण्याची ही जुनी पद्धत. यात फाइलचं वर्णन ठरलेल्या रकान्यांत लिहावं लागतं. सतराव्या रकान्यात रेकॉर्ड फॉर्मॅटसाठी (रेकॉर्डच्या आराखड्यासाठी) आर किंवा कीसाठी के, १९ ते २८ फील्डचं नाव, ३० ते ३४ लांबी, ३६-३७मध्ये दशांश, ४५पासून पुढे कीवर्ड. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की कंपाइल होत नाही. मला याचा कंटाळा आला नाही, खतावणीचे रकाने सांभाळण्याची सवय होती. पण तीन आठवडे फार झाले. दीड आठवड्यात हे नीट झालं असतं आणि उरलेला वेळ जिथे खरोखर कमी पडला तिथे देता आला असता.

तरी त्या तीन आठवड्यांतला लेव्हल चेकचा तास मी कुणालाही चुकवू देणार नाही. प्रत्येक रेकॉर्ड फॉर्मॅटला सिस्टिम एक ओळखखूण देते. फॉर्मॅटचं नाव, फील्डांची नावं, लांबी, प्रकार, क्रम यांवरून ती ठरते. आरपीजी या इथल्या नेहमीच्या भाषेतला प्रोग्रॅम कंपाइल होताना ती खूण स्वतःत साठवतो. नंतर कुणी फाइलमध्ये एक फील्ड वाढवलं की खूण बदलते, आणि जुना प्रोग्रॅम ती फाइल उघडायला गेला की सीपीएफ ४१३१ ही त्रुटी येऊन थांबतो. या तपासणीला लेव्हल चेक म्हणतात. मॅडमनी हे आम्हाला सांगितलं नाही, करायला लावलं. ग्राहकाच्या फाइलमध्ये मधोमध एक फील्ड घातलं, प्रोग्रॅम चालवला, तो पडला. मग म्हणाल्या, आता फाइलवरचा लेव्हल चेक बंद करा आणि पुन्हा चालवा. चालला. सगळ्यांना हायसं वाटलं. मग त्यांनी यादी वाचायला सांगितली. पत मर्यादेच्या जागी पिन कोडचे आकडे आले होते, आणि एकाही ओळीवर त्रुटी दिसत नव्हती.

तो पडदा बघून मी बराच वेळ गप्प होते. हिशेबात चुकीचा आकडा हा न आलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी वाईट. कामावर परत गेल्यावर मी पहिलं काम केलं ते लेव्हल चेक बंद असलेल्या फाइली शोधण्याचं. सहा सापडल्या. काकांना विचारलं तर त्यातल्या चार त्यांना आठवत होत्या, दोन नाही.

खरा उपाय दोन प्रकारचा. एक म्हणजे त्या फाइलवर अवलंबून असलेले सगळे प्रोग्रॅम शोधून पुन्हा कंपाइल करणं. 'डिस्प्ले प्रोग्रॅम रेफरन्सेस' आणि 'डिस्प्ले डेटाबेस रिलेशन्स' या दोन कमांडी त्यासाठी आहेत आणि मी त्या आता आठवड्यातून दोनदा तरी वापरते. दुसरा उपाय मला अधिक आवडला. डेटा एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसच्या प्रमाण भाषेने, बनवलेल्या नव्या टेबलात न्यायचा आणि जुन्या फाइलच्या नावाने, जुन्याच फॉर्मॅटची लॉजिकल फाइल त्यावर ठेवायची. ओळखखूण तीच राहते, जुने प्रोग्रॅम हलत नाहीत, आणि नवी फील्डं खाली टेबलात वाढवता येतात. चौथ्या आठवड्यात हे जमलं तेव्हा मी रात्री साडेदहाला काकांना फोन केला. ते म्हणाले, "हे मला वीस वर्षांपूर्वी कुणी शिकवायला हवं होतं गं."

आता जर्नलिंग. या वर्गाने मला दिलेलं सगळ्यात मोठं देणं हेच, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते. हिशेबाच्या माणसाला जर्नल हा शब्द नवा नाही. आपण आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी. इथेही तसंच आहे. फाइलमधला प्रत्येक बदल जर्नलमध्ये नोंदला जातो, नोंदी रिसीव्हर नावाच्या ऑब्जेक्टमध्ये साठतात, आणि रिसीव्हर भरला की नवा जोडून जुना बॅकअपला पाठवायचा. त्या नोंदींत कुणी, कोणत्या जॉबमधून, कोणत्या प्रोग्रॅममधून, किती वाजता बदललं हे सगळं असतं. मी इतकी वर्षं ऑडिटच्या वेळी 'हा शेरा कुणी बदलला?' असं विचारत फिरले होते आणि उत्तर याच यंत्रात मिळू शकलं असतं.

मॅडमनी पाचव्या आठवड्यात एक सराव दिला. साठ्याच्या फाइलवर अपडेट चालवायचा, पण अट न घालता. चार हजार वस्तूंची किंमत एका फटक्यात एकच झाली. मग म्हणाल्या, आता जर्नलमधून मागे न्या. नऊजणांचं झालं. माझ्यासकट तिघांचं झालं नाही. कारण जर्नलिंग सुरू करताना आम्ही काही न निवडता एंटर केलं होतं, आणि त्या कमांडचा मूळ पर्याय फक्त बदलानंतरची प्रतिमा (रेकॉर्डचं तेव्हाचं रूप) ठेवण्याचा आहे. आधीची प्रतिमाच नाही तर मागे जाणार कुठे? बदलाआधीची आणि नंतरची, दोन्ही प्रतिमा ठेवायला सांगावं लागतं. ज्यांनी एसक्यूएलने स्कीमा बनवून त्यात टेबल तयार केलं होतं त्यांना हे सांगावं लागलं नाही. स्कीमाबरोबर जर्नल आपोआप तयार होतं आणि टेबल दोन्ही प्रतिमांसह त्यात जातं.

आम्हा तिघांना मॅडमनी सोडवलं नाही. "तुमच्याकडे सेव्ह केलेली प्रत आहे का?" असं विचारलं. माझ्याकडे होती, कारण जर्नलिंग सुरू केल्यानंतर फाइल सेव्ह करायला आदल्या तासाला सांगितलं होतं. ती प्रत आणली, आणि जर्नलमधले बदल त्या चुकीच्या अपडेटच्या आधीच्या नोंदीपर्यंत पुढे चालवले. चार हजार किमती परत आल्या. तिघांपैकी एकाने जर्नलिंगच्या आधीची प्रत ठेवली होती. ती चालत नाही, जर्नलिंग सुरू झाल्यानंतर सेव्ह केलेलीच प्रत लागते. त्याला दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून करावं लागलं. असं शिकवलेलं विसरत नाही. सरावाच्या लायब्ररीत मोडून बघू देणारा वर्ग मिळाला तर तो सोडू नका.

याच आठवड्यात एसक्यूएल ७००८ हीही त्रुटी भेटली. कमिटमेंट कंट्रोलखाली, म्हणजे बदल एकत्र पक्के किंवा रद्द करता यावेत अशा सोयीखाली, एखाद्या जर्नल नसलेल्या फाइलमध्ये रेकॉर्ड घालायला गेलं की 'या कामासाठी फाइल वैध नाही' असं उत्तर येतं. नवे लोक अधिकारांत चूक शोधत बसतात, मीही बसले. कारण साधं आहे. मागे फिरायचं तर नोंद हवी, आणि नोंद ठेवणारं जर्नलच नाही.

एसक्यूएलने टेबल बनवण्याचा सविस्तर भाग सहाव्या आठवड्यात आला. माझ्या मते तो दुसऱ्या आठवड्यात यायला हवा होता. डीडीएसच्या फाइलमध्ये आकड्याच्या फील्डात कचरा बसू शकतो, कारण लिहिताना तपासणी होत नाही आणि चूक वाचताना, म्हणजे प्रोग्रॅम डेसिमल डेटा एररने पडल्यावर, उघड होते. एसक्यूएलचं टेबल लिहितानाच अडवतं. आमची जुनी येण्यांची फाइल सरावासाठी टेबलात उतरवली तेव्हा ३८ रेकॉर्ड आत जाईनात. रकमेच्या जागी रिकाम्या जागा होत्या. कधीच्या, कुणाच्या, काही माहीत नाही, पण त्या आहेत हे तरी कळलं. टेबलाला १३,०००ची मर्यादाही नसते, आणि खोडलेल्या रेकॉर्डची जागा ते पुन्हा वापरतं. डीडीएसच्या फाइलमध्ये ती जागा, वेगळं सांगितलं नसेल तर, तशीच पडून राहते आणि फाइल अधूनमधून रीऑर्गनाइझ करून ती रिकामी जागा काढावी लागते. इथे मॅडमनी दिलेला इशारा महत्त्वाचा होता. जुन्या फाइलवर जागा पुन्हा वापरण्याचा पर्याय डोळे झाकून चालू करू नका, कारण एखादा प्रोग्रॅम रेकॉर्ड ज्या क्रमाने आले त्या क्रमावर विसंबून असेल तर तो क्रम मोडतो.

नावांबद्दल एक गोष्ट. एसक्यूएलमध्ये लांब नाव देता येतं, पण सिस्टिमचं नाव जास्तीत जास्त दहा अक्षरांचंच असतं. तुम्ही ते दिलं नाही तर ती स्वतः बनवते, पहिली पाच अक्षरं आणि पुढे ००००१. वर्गात एकाच्या लायब्ररीत अशी अकरा टेबलं झाली आणि कुठलं कुठलं ते त्यालाच कळेना. लांब नावाबरोबर छोटं नावही आपणच द्यावं.

इंडेक्सचा, म्हणजे रेकॉर्ड पटकन शोधायला ठेवलेल्या सूचीचा, आठवडा चांगला होता, पण त्यावर फार लिहीत नाही. व्हिज्युअल एक्स्प्लेनमध्ये क्वेरीचा रस्ता चित्रात दिसतो. ॲक्सेस क्लायंट सोल्युशन्स या आयबीएमच्या सॉफ्टवेअरमधून ते उघडतं आणि पहिल्यांदा बघताना फार आनंद होतो. कोणते इंडेक्स हवेत ते सांगणारा इंडेक्स अ‍ॅडव्हायझर सुचवेल तो प्रत्येक इंडेक्स बनवू नये, कारण रेकॉर्ड लिहिताना त्यातला प्रत्येक सांभाळावा लागतो. तो सल्ला किती वेळा आला आणि आपल्या महिनाअखेरीच्या कामाशी त्याचा संबंध आहे का, हे बघून ठरवावं.

आता तक्रारी. दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत.

रेफरेन्शियल कन्स्ट्रेंटला, म्हणजे एका टेबलातला क्रमांक दुसऱ्यात असलाच पाहिजे अशा नियमाला, वर्गाने जेमतेम चाळीस मिनिटं दिली. रिलेशनल डेटाबेस शिकवायचा आणि दोन टेबलांतलं नातं घाईत उरकायचं, हे मला पटलं नाही. स्लाइडवर कॅस्केड (मूळ रेकॉर्डबरोबर अवलंबून असलेलेही खोडणं) आणि रिस्ट्रिक्ट (खोडूच न देणं) यांतला फरक होता, उदाहरणं कोऱ्या टेबलांची होती. आपल्याकडे कोरी टेबलं असतात कुठे? मी चाचणीच्या लायब्ररीत, कामाच्या डेटाच्या प्रतीवर, बिलं आणि ग्राहक यांच्यात कमांडने फॉरेन की, म्हणजे अशीच कन्स्ट्रेंट, घातली. जुन्या बिलांत असे ग्राहक क्रमांक होते ज्यांचा ग्राहक केव्हाच खोडला गेला होता. कन्स्ट्रेंट घातली गेली, पण 'चेक पेंडिंग', म्हणजे तपासणी बाकी, अशा अवस्थेत. त्या अवस्थेत बिलांची फाइल वाचतासुद्धा येत नाही. चाचणीची प्रत होती म्हणून निभावलं. चालू लायब्ररीत हे केलं असतं तर बिलिंग बंद. यातून बाहेर कसं पडायचं हे मी नंतर स्वतः शोधलं. कन्स्ट्रेंट डिसेबल करायची, नियम मोडणारे रेकॉर्ड दाखवणारी कमांड चालवायची, ते एकेक बघून दुरुस्त करायचे, मग पुन्हा एनेबल करायची. मला २१२ बिलं दुरुस्त करावी लागली. खरं तर आधी एक साधी क्वेरी चालवून अनाथ बिलं शोधायची आणि मगच कन्स्ट्रेंट घालायची, एवढं एक वाक्य वर्गात सांगितलं असतं तरी पुरलं असतं. कॅस्केडसाठी दोन्ही फाइली एकाच जर्नलमध्ये असाव्या लागतात, हेही मला त्रुटीच्या मेसेजमधून कळलं.

दुसरी तक्रार बॅकअपची. सेव्ह करायला शिकवलं, रिस्टोअर केवळ स्लाइडवर दाखवलं. सरावाच्या सिस्टिमवर तेवढे अधिकार देता येत नाहीत असं संस्थेचं म्हणणं होतं. पण मग पाचव्या आठवड्यात आम्ही फाइल परत आणली ती कशी? एक फाइल परत आणता येते तर एक छोटी लायब्ररीही आणता आली असती. आठव्या आठवड्यात मी हे वर्गात बोलले, दोघांनी दुजोरा दिला, पण त्या तुकडीत काही बदललं नाही.

म्हणून वर्ग संपल्यावर मी कामावर, परवानगी घेऊन, दुसऱ्या नावाच्या लायब्ररीत संपूर्ण रिस्टोअर करून पाहिलं. रेकॉर्डची संख्या जुळली. मी खूश झाले. मग सवयीने प्रत्येक लॉजिकल फाइलचं नातं तपासलं आणि हात थबकला. आमच्याकडे काही लॉजिकल फाइली एका लायब्ररीत आणि त्यांच्या फिजिकल फाइली दुसऱ्या लायब्ररीत आहेत. चाचणीच्या लायब्ररीत आणलेल्या त्या लॉजिकल फाइली चालू लायब्ररीतल्या फिजिकलवर बसल्या होत्या. तिथून कुणी चाचणी म्हणून एक रेकॉर्ड खोडला असता तर खरं बिल गेलं असतं. फिजिकल आणि तिच्या लॉजिकल एकाच लायब्ररीत ठेवल्या आणि एकत्र रिस्टोअर केल्या तर हे होत नाही. आता आमच्या नव्या फाइली तशाच ठेवते, जुन्या हळूहळू हलवते आहे.

मॅडमना हे पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं, आणि त्यात त्यांनी माझ्याकडून त्या लायब्ररींची रचना सरावासाठी मागितली. शिकवणाऱ्या म्हणून त्या उत्तम आहेत, यात शंका नाही. प्रश्न विचारला की आधी 'जॉब लॉग वाचलास का?' असं विचारतात (जॉब लॉग म्हणजे त्या कामात आलेल्या मेसेजांची नोंद), आणि दहापैकी आठ वेळा उत्तर खरोखर तिथेच असतं.

कुणी घ्यावा हा वर्ग? ज्यांच्या गळ्यात चालू सिस्टिम पडली आहे आणि सांभाळणारा माणूस निघाला आहे, त्यांनी जरूर घ्यावा, आणि तो माणूस जायच्या आत घ्यावा. माझे निम्मे प्रश्न काकांमुळेच खरे प्रश्न झाले. नुसती एसक्यूएल शिकायची असेल तर नऊ आठवडे घालवू नका. सराव हवा असेल तर पब ४०० हा सार्वजनिक आयबीएम आय सर्व्हर आहे, तिथे मोफत खातं मिळतं, मी वर्गाआधी पंधरा दिवस तिथेच हात बसवला होता. आणि नाव नोंदवण्याआधी संस्थेला स्पष्ट विचारा: जर्नलिंग सुरू करण्याचे अधिकार मिळतील का, भरलेल्या टेबलांवर कन्स्ट्रेंट घालून बघता येईल का, आणि एक लायब्ररी तरी स्वतःच्या हाताने रिस्टोअर करायला मिळेल का. पहिल्याला माझ्या वर्गात होकार होता. उरलेल्या दोन्हींना तुमच्या वेळी मिळाला, तर माझ्यापेक्षा तुमची तुकडी नशीबवान.